घंटेविना गेलेलं जहाज

इतकी वर्षं झाली, तरी ती पितळी घंटा डोळ्यांपुढून हलत नाही. चार माणसांचा भात शिजेल एवढ्या पातेल्याच्या आकाराची, काठाला थोडी चेपलेली, आणि अंगावर एका जहाजाचं नाव कोरलेलं. ते नाव मी इथे देत नाही. त्या जहाजावरच्या माणसांची नातवंडं आज हयात आहेत.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वडील डॉक्टर म्हणून न्यू जर्सीला आले तेव्हा मी कोल्हापुरात सातवी पास झालो होतो. पुढचं सगळं शिक्षण इथेच झालं, आणि घरच्यांचा विरोध पत्करून मी पोलिसांत भरती झालो. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं मेडिकलला नाहीतर इंजिनिअरिंगला. माझं काय चाललंय असं कोणी विचारलं की आई आवाज खाली आणून सांगायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी डिटेक्टिव्ह झालो होतो. आयसेलिनच्या रस्त्यावर तेव्हा आपल्या लोकांची दुकानं नुकती उघडायला लागली होती. तिथलं काहीही आलं की सार्जंट फाइल माझ्या टेबलावर टाकायचा.

मार्च महिन्यातली सकाळ होती. साठीच्या आसपासची एक गोरी बाई स्टेशनवर आली. अंगात नीटनेटका कोट, हातातली पर्स छातीशी धरलेली. बोलण्यावरून इंग्लंडची वाटत होती. तिने सांगितलं, "त्या नव्या इंडियन रेस्टॉरंटच्या दारात एक घंटा टांगली आहे. ती चोरीची आहे."

"कशावरून?"

"माझे वडील ज्या जहाजावर होते, त्या जहाजाची ती घंटा आहे. ते जहाज पन्नास वर्षांपूर्वी सगळ्या माणसांसकट बुडालं. मग त्याची घंटा न्यू जर्सीत कशी?"

सार्जंट गालातल्या गालात हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बिनतोड होता. मी तिला बसवलं आणि तक्रार लिहून घेतली. ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावची होती. युद्धात एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आली, आता विधवा होती. तिच्या लहानपणी त्या गावातली अर्धी वस्ती मासेमारीवर जगत असे. पुरुष तीन-तीन आठवडे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जायचे, दोन-तीन दिवस घरी थांबायचे आणि पुन्हा निघायचे. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे सगळं तिने पाठ केलेला धडा म्हणावा तसं सांगितलं. बोलताना तिचा एक हात दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून दाबत होता. पोलिसाने अशा हातांकडे बघावं. तोंड तक्रार सांगत असतं, हात काहीतरी वेगळंच सांगत असतात.

रेस्टॉरंट नागपूरकडच्या एका जोडप्याचं होतं. काका इंजिनिअर, नोकरी गेल्यावर त्यांनी हा उद्योग काढला होता. मी आत शिरलो तेव्हा काकू काउंटरवर कोथिंबीर निवडत होत्या.

"ये रे, चहा टाकते."

"काकू, आज चौकशीला आलोय. ही घंटा कुठून आणली?"

त्यांचा हात थांबला. "चौकशी? गणपतीला आमच्याकडे जेवून गेलास आणि आता आम्हाला चोर ठरवतोस?"

काका आतून बाहेर आले. "अगं, तो त्याची ड्यूटी करतोय. हे बघ, ती फ्ली मार्केटमधून घेतली. मला वाटलं, दारात लावली की देवळासारखं वाटेल, कस्टमर वाजवतील. बिल वगैरे काही नाही यार, तिथे कोण बिल देतं?"

"विकणारा आठवतो?"

"लाल पिकअप ट्रक. दर रविवारी असतो."

मी घंटा खाली काढून तपासली. ती ज्या पट्टीला अडकवतात तिचे बोल्ट शाबूत होते. ना कापलेले, ना गंजून तुटलेले. कोणीतरी पान्याने ते सावकाश सोडवले होते. जहाज फुटून घंटा समुद्रातून वर आली असती तर असं दिसलं नसतं. माझं मत तिथेच बनलं. ही घंटा जहाजाबरोबर बुडालीच नव्हती.

रविवारी त्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पिकअपवाला सापडला. वृद्धांच्या खोल्या रिकाम्या करून सामान विकणं हा त्याचा धंदा. त्याने कुरकुर न करता पत्ता दिला. जवळच्याच पर्थ अँबॉय गावात, बंदराजवळ, वृद्धांसाठी एक निवास होता. तिथे राहायला जाताना एका म्हाताऱ्याने जुन्या घरातलं सामान त्याला देऊन टाकलं होतं.

म्हातारा पंचाहत्तरीच्या आतबाहेर असेल. खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. बोटं जाडजूड, एक अर्धं तुटलेलं. मी ओळखपत्र दाखवलं आणि म्हटलं, "घंटेबद्दल विचारायचं आहे."

"लंडनला घेतली होती. युद्धानंतर. जुन्या सामानाच्या दुकानात."

उत्तर फार लवकर आलं. चाळीस वर्षांपूर्वीची खरेदी माणूस इतकी चटकन सांगत नाही, आधी जरा डोकं खाजवतो. मी दुकान कुठे होतं ते विचारलं, त्याने रस्ता सांगितला. थोड्या वेळाने तोच प्रश्न फिरवून विचारला, त्याने तोच रस्ता, त्याच शब्दांत सांगितला. मी वही मिटली. चौकशीत कधी कधी वही मिटल्यानेच माणूस बोलायला लागतो.

"ठीक आहे. एका बाईंनी तक्रार केली आहे, म्हणून यावं लागलं. मी त्यांना तसं कळवतो."

त्याने मान खिडकीकडे वळवली. मग हळूच विचारलं, "कोणाची मुलगी आहे ती?"

मी फक्त 'बाई' म्हटलं होतं. मुलगी असा शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता. मी पुन्हा खाली बसलो. बाईंच्या वडिलांचं आडनाव सांगितलं. म्हाताऱ्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. पुढचा तासभर मी जवळजवळ काहीच विचारलं नाही.

तो त्याच जहाजावरचा खलाशी होता. तेव्हा वय बावीस. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी कप्तानाने सगळ्यांदेखत त्याचा अपमान केला. तो दारू प्यायला, आणि सूड म्हणून गोदीत उभ्या जहाजाची घंटा सोडवून पोत्यात घालून पळाला. सकाळी नशा उतरली तशी भीती चढली. जहाजावर जावं तर घंटा कोणी चोरली ते कळणार. तो गोदीशेजारच्या, जाळी विणायच्या शेडच्या माळ्यावर लपून बसला. भरती टळली तर गोदीचं दार बंद होणार, म्हणून कप्तान घंटेविनाच निघाला. एक माणूस मात्र कमी पडत होता. कंपनीचा मुकादम गल्लीगल्लीत फिरून दारं ठोठावत होता. एका दारात एक माणूस मिळाला, जो कालच दुसऱ्या जहाजावरून घरी आला होता.

"तो माझ्या जागेवर गेला," म्हातारा म्हणाला. "मी वरून बघत होतो. हाक मारली असती तर थांबला असता."

"मारली नाहीत?"

"नाही."

जहाज बेपत्ता झाल्याची बातमी आल्यावर त्याने गाव सोडलं, पुढे देशही सोडला. घंटा विकायचं धाडस झालं नाही, समुद्रात टाकायचंही झालं नाही. निवासात येताना मन घट्ट करून ट्रकवाल्याच्या सामानात ढकलून दिली होती.

कायद्याच्या दृष्टीने माझ्या हातात काहीच नव्हतं. गुन्हा दुसऱ्या देशातला, अर्ध्या शतकापूर्वीचा. तरी मी रीतसर जबाब लिहिला, त्याला वाचून दाखवला, प्रत्येक पानावर सही घेतली. मग बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला त्याला भेटायचं आहे." मी सोबत गेलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि कोणासाठी ते कळत नव्हतं.

बाई त्याच्यासमोर बसल्या. म्हाताऱ्याने सगळं पुन्हा सांगितलं, मान वर न करता. मुकादमाने दार ठोठावल्याचं ऐकलं तशी बाईंनी त्याला थांबवलं.

"म्हणजे तुम्ही पळाला नसतात तर आमचं दार वाजलंच नसतं?"

"नाही. माझ्यामुळे गेले."

बाई माझ्याकडे वळल्या. "आमच्या गावात," त्या म्हणाल्या, "घरातला माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी कपडे धुवत नाहीत. धुतले तर माणूस वाहून जातो, असं बायका मानायच्या. वडील दोन दिवस घरी राहणार म्हणून मी माझा मळलेला फ्रॉक टबात भिजवला होता. तेवढ्यात दार वाजलं. ते गेले. बातमी आली तेव्हा आई मला म्हणाली, 'तुझ्या फ्रॉकने नेलं त्यांना.' एकदाच म्हणाली. पुन्हा कधी नाही. पण म्हणाली."

साठ वर्षांची ती बाई हे सांगताना नऊ वर्षांची दिसत होती.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "फ्रॉकचा काही संबंध नाही," तो जवळजवळ ओरडलाच. "मी होतो. ऐकतेस ना? मी होतो."

बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांना वरून पाहिलंत. कसे दिसत होते?"

"पळत आला. कोटाची बटणं उघडी. हातात पावाचा तुकडा होता. जहाजावर जायच्या फळीवर चढायच्या आधी थांबला, उरलेला पाव तोंडात कोंबला आणि कोणाशी तरी हसून बोलला."

"हसून?"

"हो. चांगला हसला."

बाई उठल्या आणि निरोप न घेता निघाल्या. घराशी सोडलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी त्याला माफ केलेलं नाही." मी म्हटलं, "करायलाच हवं असं नाही."

आठवड्याने त्या पुन्हा स्टेशनवर आल्या. जबाबाची प्रत हवी होती. त्यांच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या गोष्टींच्या नोंदी जमवत होते, तिथे पाठवायची होती. म्हाताऱ्याची लेखी संमती घेऊन मी दिली. घंटाही तिकडेच गेली. काकांनी ती स्वतः खोक्यात भरली, काकूंनी चारी बाजूंनी जुन्या साड्या कोंबल्या. त्या माझ्याशी महिनाभर जरा कोरडेपणाने वागल्या, पण खोक्यावर पत्ता त्यांच्याच अक्षरात होता.

वाचनालयात तो जबाब लोकांनी वाचला, मग स्टेशनवर पत्रं यायला लागली. त्या जहाजावर गेलेल्यांच्या बहिणी, मुलं, म्हाताऱ्या बायका. कोणी चिडलेलं, कोणी फक्त विचारणारं: माझा भाऊ त्या सफरीआधी कसा होता, आठवतं का? मी पत्रं निवासात नेऊन द्यायचो. म्हाताऱ्याचा हात थरथरायचा, म्हणून उत्तरं लिहायला दर शुक्रवारी बाई जायला लागल्या. तिथली परिचारिका मला सांगायची, दोघं फारसं बोलत नाहीत, भांडतात मात्र. अमुक गल्लीच्या कोपऱ्यावर मासे धुरी देऊन वाळवायचं घर होतं की पाववाल्याचं, यावर.

दोन हिवाळ्यांनी तो गेला. त्याचं कोणी नव्हतं. अंत्यविधीचे कागद करायला बाई आल्या आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. फॉर्मवर मृताशी नातं काय, असा रकाना होता. बाईंनी पेन हातात धरून थोडा विचार केला आणि लिहिलं: शेजारी.

माझी बाकीची नोकरी गुन्हेगार कोण हे शोधण्यात गेली. तेच आमचं काम. पण या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, जी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हती. कित्येक माणसं न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा घरात बसून भोगत असतात, आणि त्यांची तक्रार कुठल्याच स्टेशनवर नोंदली जात नाही. अशा माणसाला कधीतरी कोणीतरी पुराव्यानिशी सांगायला हवं की तो दोष तुझा नव्हता. त्यानंतर मी जबाब घेताना शेवटचा प्रश्न विचारल्यावर लगेच उठायचं सोडून दिलं. पाच मिनिटं तसाच बसून राहायचो.