सैल होत गेलेला स्वेटर

माझी वहिनी नव्या माणसाशी बोलताना आधी त्याच्या खांद्यांकडे बघते. पुष्कळांना तो आगाऊपणा वाटतो. तसं काही नसतं, ती मनातल्या मनात त्या माणसाचं माप घेत असते. टेप म्हणून तिच्या विणकामाच्या पिशवीत कधी नव्हता. एकदा नजर फिरवली की किती टाके घालायचे ते तिला कळतं, आणि एकदा कळलं की ती ते जन्मात विसरत नाही. गेल्या महिन्यात कुणी काय म्हटलं हे तिला आठवणार नाही, पण माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची छाती किती टाक्यांची होती, ते ती आजही सांगेल.

आमच्या घरात जुन्या गोष्टी वर्षावरून नाही, लोकरीवरून आठवतात. भाचा झाला तेव्हाचं पिवळं टोपडं. दादाचा पाय मोडला तेव्हाचा लाल पायमोजा, एकच, प्लास्टरवरून चढवायला. वहिनीची आई गेली त्या हिवाळ्यातलं उरल्यासुरल्या लोकरीच्या तुकड्यांचं पांघरूण. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तिनं एक अक्षर न बोलता जांभळी शाल आणून माझ्या अंगावर टाकली. मी भडकले. म्हटलं, “लग्न मोडलंय माझं, थंडी वाजत नाहीये मला!” ती म्हणाली, “असू दे, वाजेल.” वाजली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

वहिनी कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर बसते. लोक कोट आणतात, पडदे आणतात, ती चिठ्ठी टाचते, डाग कशाचा ते विचारते आणि उत्तर खोटं असेल तर तसं तोंडावर सांगते. मधल्या वेळात सुया चालू. एकदा तिची अर्धवट विणलेली बाही कपड्यांच्या ढिगात गेली, तिलाही चिठ्ठी लागली आणि ती वाफेच्या इस्त्रीखालून झकास चपटी होऊन आली. तेव्हापासून दुकानाचा मालक तिच्या पिशवीपासून चार हात लांब उभा राहतो.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंगात निळा बॉयलर सूट, इतका ढगळ की आत पानं-पक्कडी, सँडविच आणि अख्खा शेजारी मावेल. माणूस अबोल. बोलला तर लिफ्टबद्दल. यंदा थंडी पडायच्या आधी तो आपणहून म्हणाला, “अगं, एक स्वेटर कर मला. हल्ली गारठा फार बाधतो.” वहिनीला आनंद झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मागून घेतलेला असा हा पहिलाच स्वेटर. नाहीतर दादा म्हणजे दिला तर घालणार, दिला नाही तर विचारणार नाही.

तिनं करडी लोकर आणली. नवऱ्याचं माप, त्यात बघायचं काय? टाके घातले आणि विणायला लागली. स्वेटर पुरा झाला त्या रविवारी मी वरच्या मजल्यावरून मुद्दाम खाली आले, कारण वहिनीची वस्तू पहिल्यांदा अंगावर चढते तेव्हा हजर राहायचा माझा हक्क आहे.

दादानं स्वेटर घातला. खांदे कोपराकडे निघाले होते. पोटाशी झोळ. मी म्हटलं, “दादा, आत भाडेकरू ठेवणार आहेस का?” दादा हसला. वहिनी हसली नाही. तिनं झोळ मुठीत धरला, सोडला, परत धरला.

“अहो, वळा बघू.”

दादा वळला. पाठीमागून तर बघवत नव्हतं.

“माझा हात सैल पडला,” वहिनी म्हणाली.

आता हे वाक्य ऐकायला साधं आहे. पण तिच्या आईचंही असंच झालं होतं. त्या माउलीचे टाके म्हणजे छापल्यासारखे. मग एका वर्षी ते सैल पडायला लागले, पुढे जाळीसारखे झाले, आणि शेवटी सुया हातात दिल्या तर त्या कशासाठी असतात हेच तिला कळेना. वहिनीनं ते सगळं जवळून बघितलं होतं. म्हणून करडा स्वेटर अंगावर लोंबताना तिला स्वेटर दिसतच नव्हता. तिला आईची बोटं दिसत होती. ती मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन म्हणाली, “चिमे, सुरुवात अशीच होते गं.” मी तिला ओरडले. मला असं होतं. घाबरले की मी ओरडते.

दुसऱ्या दिवशी ती स्वेटर घेऊन लोकरवाल्याकडे गेली. मीही गेले, भांडण झालंच तर कामाला येईन म्हणून. वहिनी म्हणाली, लोकर ताणली जातेय. लोकरवाल्यानं धागा ओढला, सोडला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “बाई, लोकर एक नंबर आहे. नाचता येईना अंगण वाकडं.” मी त्याला असं काही सुनावलं की दुकानातली दुसरी बाई लोकर न घेताच निघून गेली. पण वहिनी स्वेटर उचलून निघाली. परतताना वाटेत तिनं आपले हात स्वेटरच्या खाली लपवले होते.

मग तिनं स्वेटर उसवला. उसवताना घरात कुणी बोलत नाही. दादा समोर बसून लोकरीचा गुंडा करत होता आणि मधूनमधून पाणी पीत होता. हल्ली तो तांब्याच जवळ घेऊन बसायचा. “कामावर धूळ किती,” म्हणायचा. दोन वेळा उठून मोरीकडे जाऊन आला, तेव्हा वहिनी चिडली, “अहो, एका जागी बसा ना! धागा गुंततो.” बिचारा बसला.

दुसऱ्यांदा तिनं बारीक सुया घेतल्या. टाके तेवढेच, पण घट्ट. ओठ आवळून विणत होती. दुकानात गिऱ्हाईक कोटावर कढीचा नाही, शाईचा डाग आहे असं धडधडीत खोटं बोलून गेलं, तरी हिनं मान वर केली नाही. स्वेटर झाला. दादाला घातला. पहिल्यापेक्षा बरा, पण सैलच.

इथून पुढे आमचं डोकं चालेनासं झालं. वहिनीनं इस्त्रीच्या वाफेवर संशय घेतला. दुकानात बसून विणते, तिथली वाफ लागून लोकर ढिली होत असेल. म्हणून पिशवी घरी ठेवायला लागली. मग सुयांवर संशय. माझ्याकडून टेप मागवला, नमुन्याचा चौकोन विणला, मोजला. आईच्या वेळच्या पांघरुणातला तिचाच एक चौकोन शेजारी ठेवून मोजला. दोन्ही हुबेहूब सारखे. एका टाक्याचाही फरक नाही.

“म्हणजे हात ठीक आहे,” मी म्हटलं.

“मग स्वेटर का सैल होतो?”

“चौकोन ठीक विणतेस, स्वेटर सैल विणत असशील.”

“चिमे, तू जरा गप्प बसतेस का?”

मग तिला युक्ती सुचली. दादाचा जुना तपकिरी स्वेटर तिनं कपाटातून काढला. तो त्याला कातडीसारखा बसायचा, आम्ही सगळ्यांनी बघितलेलं होतं. करडा त्याच्यावर पसरला. खांद्याला खांदा, काठाला काठ. नवा बारीक सुयांचा असल्यानं बोटभर लहानच निघाला. म्हणजे जो मोठा तो बसतो आणि जो लहान तो सैल होतो. मी दोन वेळा पसरून बघितले. मला वाटलं, मलाच काही झालंय.

“हा घाला बघू,” वहिनीनं तपकिरी स्वेटर दादाच्या हातात दिला.

तोही लोंबला.

वहिनी हळूच म्हणाली, “हाही ताणला गेला. कपाटात ठेवल्या ठेवल्या.” आणि खरं सांगते, मी मान डोलावली. कपाटात ओल असेल, मी म्हटलं. दादा म्हणाला, लोकर जुनी झाली की सुटते, दोरखंडही सुटतात. तिघंही शहाणी माणसं, आणि साप साप म्हणून भुई धोपटत होतो. वहिनीच्या हातचं काही चुकू शकतं किंवा कपाट चुकू शकतं, एवढ्यापलीकडे आमची अक्कल जात नव्हती. इमारतीतले लोक तर दादाला जिन्यात थांबवून सांगत होते, पोट गेलं, छान झालं, काय करता आम्हालाही सांगा. दादा म्हणायचा, जिने चढतो. पट्ट्याला त्यानं आपल्या ड्रिलनं नवी भोकं पाडून घेतली होती आणि त्यातही त्याला कारागिरीचाच आनंद होता.

तिसऱ्यांदा विणताना वहिनी वेगळीच दिसत होती. रागानं नाही, हट्टानं नाही, अंधारात जिना उतरतो तशी बेतानं. या खेपेला तिनं मनातलं माप सोडून दिलं. दादाच्या अंगावर तपकिरी स्वेटर चढवून दुकानातल्यासारख्या टाचण्या लावल्या, जास्तीचं सगळं बाजूला धरलं, उरेल तेवढ्याचे टाके घातले. म्हणाली, “हात बिघडला असेल तर बिघडलेल्या हिशोबानंच विणते. एकदा बसू दे त्यांना.”

आणि तो बसला. काय सुरेख बसला! खांदे जागच्या जागी, बाह्या मनगटावर, पाठीला सुरकुती नाही. दादा आरशासमोर उभा राहून हात वर-खाली करत होता. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, “झालं गं बाई! सुटला प्रश्न.”

वहिनी त्याच्या मागे उभी होती. तिचे ओठ हलत होते. काठाचे टाके मोजत होती. सगळे मोजून झाल्यावर तिनं परत पहिल्यापासून मोजले. तिचा चेहरा पार उतरला.

“चिमे, हे तर बाळाचं माप आहे.”

बाळ म्हणजे माझा भाचा. आता नोकरीला लांब असतो, चांगला दांडगा आहे.

“कुठलं माप?”

“तो दहावीत असतानाचं. निळा स्वेटर केला होता ना, सहलीला जाताना. एवढेच टाके होते.”

आरशात माझा थोरला भाऊ उभा होता, डोक्यावरचे केस पांढरे, आणि अंगात शाळकरी पोराचं माप. गळ्याजवळची हाडं वर आलेली. मनगटं बारीक. हे सगळं गेले कित्येक आठवडे आमच्यासमोर वावरत होतं, चहा पीत होतं, आम्ही मात्र टाके मोजत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

“अहो,” वहिनी म्हणाली, “तो काढा आणि चपला घाला. डॉक्टरकडे जायचंय.”

“आत्ता? मला काय झालंय?”

“ते मला कळत असतं तर तीनदा विणला असता का?”

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर इतकी वाढलेली की त्यांनी दादाला खुर्चीवरून उठू दिलं नाही, तिथूनच दाखल केलं. तहान का लागते, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, धूळ. अजून थोडे दिवस गेले असते तर एखाद्या लिफ्टच्या टपावर शुद्ध हरपली असती, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. वहिनीला सांगितलं नाही, पण ती दाराशीच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. वाटलं होतं ती कोसळेल. ती म्हणाली, “माझा हात ठीक होता गं,” आणि मग हुंदके देऊन रडायला लागली. आनंदानं की भीतीनं, ते तिला सांगता येईना आणि मला विचारवेना.

मग दादाला घरी सोडलं. रोज सुई टोचून घ्यायची, वेळेवर खायचं. वजन परत येईल का, मी विचारलं. येईल, डॉक्टर म्हणाले, पण किती आणि कधी ते आज सांगता येत नाही. एवढं उत्तर ऐकून आम्ही परतलो.

तिसरा स्वेटर वहिनीनं दादाला घालू दिला नाही. त्याच्याकडे तिला बघवेना. एका रात्रीत उसवून टाकला. पहिलं माप घालावं तर खोटं, हे माप घालावं तर जिवावर येतं. थंडी तर दाराशी आलेली. मी खाली गेले की ती खिडकीशी बसलेली असायची, मांडीवर गुंडा, सुया तशाच. तिचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

“घाल ना टाके,” मी म्हटलं.

“कुणाचे घालू? कुठल्या माणसाचं विणू तेच कळेना झालंय.”

दादा आतून ऐकत होता. बाहेर आला, तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. “हा समोर बसलाय त्याचं विण,” तो म्हणाला. “थंडी याला वाजतेय.”

वहिनीनं त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. खांद्यांकडे नाही, तोंडाकडे. मग उठली, पायात चपला सरकवल्या आणि काही न सांगता बाहेर पडली. मी तिच्या मागे धावले. ती थेट लोकरवाल्याच्या दुकानात शिरली. पूर्वीचं भांडण त्याच्या चांगलं लक्षात होतं, तो मला बघून गल्ल्यामागे सरकला.

“तो करडा रंग,” वहिनी म्हणाली. “त्याच वेळी रंगवलेला. अजून किती आहे?”

“आहे थोडा. पण बाई, एका स्वेटरची लोकर तुम्ही नेलीय ना? आणि आता तर ऐकलं की साहेब बारीक झालेत. तीच उरेल तुमच्याकडे.”

“पुन्हा हाच रंग मिळेल?”

“हाच नाही मिळणार. पुढच्या खेपेला जरा फिका येतो, जरा गडद येतो.”

“मग सगळा द्या.”

त्यानं फळी रिकामी केली. वहिनीनं एकेक गुंडा पिशवीत भरला. पिशवी भरली तेव्हा माझ्या ओंजळीत दिले.

“वहिनी, एवढी लोकर कशाला?” मी विचारलं.

“आत्ता लहान विणते,” ती म्हणाली. “पण ते भरतील तेव्हा बाजूला पट्टी घालून वाढवायला लागेल. तेव्हा लोकर कमी पडायला नको.”