आईचा कोरडा तळवा

ऐंशीच्या दशकात आई पहिल्यांदा आमच्याकडे ओहायोत आली, तेव्हा मी तिला आधी शिस्त लावली ती काट्या-चमच्याची. चारचौघांत हातानं जेवायचं नाही, असं बजावलं होतं. ती बिचारी काटा घेऊन बटाट्याच्या मागे लागायची आणि मी, दीडशहाणी, डोळे वटारायचे.

त्या सुट्टीत आम्ही तिला घेऊन ड्राइव्ह करत फ्लोरिडाला गेलो. तिथे एका खोट्या किल्ल्यात जेवता जेवता घोडेस्वारांची झुंज बघायची होती. आम्ही कागदी मुकुट घालून बाकांवर बसलो. समोर चिलखत घातलेले सरदार लांब भाले रोखून एकमेकांवर घोडे घालत होते. जेवण आलं, पण काटे-चमचे नाहीतच! जुन्या काळी युरोपात सगळे हातानंच खायचे म्हणे.

शेजारच्या अमेरिकन बाईंचे हात कोंबडीशी झटापट करून मनगटापर्यंत ओशट झाले. आई शाकाहारी, तिच्यापुढे पाव आणि भाज्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवून ती उजव्या हातानं पावाचा तुकडा मोडायची, त्यात भाजी धरायची आणि घास घ्यायची. बोटांची पेरं तेवढी भरलेली, तळवा कोरडा.

बाई झुंज सोडून तिच्याकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, “किती सुरेख जेवतात या! तुम्हाला येतं असं?”

“येतं की,” मी ताठ मानेनं म्हणाले, “हिनंच शिकवलंय.”

आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच मी चारचौघांत डावा हात मांडीवर ठेवला.