शोकाकुलमधून पुसलेलं नाव

तात्यांच्या पोरीचं नाव मी पुसलं. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

मध्ये चारदा सुरुवात केली. एकदा वालचंदनगरला मित्राच्या खोलीवर. एकदा माळेगावात, उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो होतो तेव्हा. तिथं भजी एक नंबर मिळतात, पण ते जाऊ द्या.

दर वेळी 'शब्द अपुरे पडतात' असलं काहीतरी टाईप व्हायचं. डिलीट.

तात्या म्हणजे इंदापुरात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचे ते. बारावी नापास, तीन नोकऱ्या सोडलेल्या मला त्यांनी कामाला ठेवलं. मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, लिहायला.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी घरची माणसं आली की तात्या आधी त्यांना बोलतं करायचे. मी खराब पत्रिकांच्या पाठीवर सगळं जसंच्या तसं उतरवायचो. गेलेला माणूस शिवराळ असेल तर तेही. मग त्यातली एकच खरी ओळ फ्लेक्सवर जायची.

मी खोडायला लागलो की म्हणायचे, "खोडू नको. खोडायला गाव बसलंय. तू आधी पोटातलं सगळं वक."

मागच्या वर्षी आजच्या दिवशी तात्या गेले. त्यांचं मॅटर माझ्याकडं आलं.

सात पत्रिका भरल्या. हात थांबेना. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे मीच लिहितोय, दुसरं कुणी नाही.

त्यात एक ओळ होती. "मनीषाचा फोन आला की तात्या पंखा बंद करायचे. नीट ऐकू यावं म्हणून."

मनीषा त्यांची मुलगी. स्वतःच्या मनानं लग्न केलं, बारामतीत राहते. घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं. तात्या रोज दुपारी दुकानातून तिच्याशी बोलायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, कागदवाला हाय.

तात्यांचे थोरले भाऊ, आबा. त्यांनी सातही पत्रिका शांतपणे वाचल्या.

"चौकात लावायचंय हे. नेहमीचं टाक. आन् त्या पोरीचं नाव शोकाकुलमधी नको."

टाकलं नेहमीचं. प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख.

तात्या आणि हसतमुख. गिऱ्हाईकाला दारातनं परत पाठवणारा माणूस.

शोकाकुलमध्ये मित्रमंडळ आलं, तालीम आली, एका पुढाऱ्याचा फोटो तात्यांपेक्षा मोठा आला.

मनीषा गेली. एक बटण दाबलं, बास.

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला. मेसेज आला, "दादा, हे तू टाईप केलंस ना?"

ब्लू टिक गेली. उत्तर अजून गेलेलं नाही.

दुकान आता आबांचं. मी नोकर. आज सकाळी पुण्यस्मरणाचं मॅटर त्यांनीच पाठवलं. तीच नावं, तेच हसतमुख. संध्याकाळी चौकात लावायचंय. फाईल समोर उघडी आहे, प्रिंट द्यायचीय. तिचं नाव घातलं तर उद्या मी या दुकानात नसेन.

म्हणून निदान इथं, या पोस्टमध्ये तरी तिचं नाव. परत न वाचता टाकतोय.

मनीषाताई, व्हय. मीच टाईप केलं.

तात्या, माझा हा कच्चाच रामराम घ्या.

थांबा. दारात काकू आल्यात. तात्यांची बायको. गावाकडनं, बावड्याहून एकट्या, एसटीनं, आबांना न सांगता.

स्क्रीनकडं बघतायत. विचारतायत, "पोरीचं नाव बसंल का रं यात?"