तिच्या घरचा वास

टेलरबाईचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय म्हणून थोरली बहीण तिला टाचणी म्हणायची, एवढंच. नवे कपडे ती क्वचित शिवायची. तिचं काम दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, वाळलेल्यांचे कपडे आत घ्यायचे आणि सुटलेल्यांचे उसवून सैल करायचे.

लोकांचे वापरलेले कपडे दिवसभर मांडीवर घेऊन तिला एक गोष्ट कळून चुकली होती. प्रत्येक घराला स्वतःचा वास असतो आणि कपडा कितीही धुतला तरी तो शिवणीत आणि खिशाच्या तळाशी राहतोच. साबण, डोक्याचं तेल, स्वयंपाकघरातली वाफ, कपाटाचं लाकूड, भिंतीतली ओल आणि त्या माणसांची कातडी, हे सगळं वर्षानुवर्षं एकमेकांत मुरतं तेव्हा तो तयार होतो. शेजारशेजारची दोन घरं एकाच दुकानातून एकच साबण आणत असली तरी त्यांचे कपडे तिला डोळे मिटून वेगळे काढता यायचे. ज्याचं घर त्याला मात्र तो वास येत नाही. एकदा एका गृहस्थांना ती सहज म्हणून गेली की तुमच्या कपड्यांना तासलेल्या पेन्सिलीसारखा वास येतो. ते असे चपापले की पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून या विषयावर तिने तोंड मिटलं.

चाळिशी जवळ आली तेव्हा तिचं लग्न झालं. नवरा बाइंडर होता. छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून पुस्तकं शिवायचा आणि खळीने पुठ्ठे चिकटवायचा. पहिली बायको आजारपणात गेली होती आणि पदरात शाळेत जाणारी एक मुलगी होती. माणूस कमी बोलणारा, पण मनाने सरळ. मुलीने पहिल्याच दिवशी तिच्या पेटीतली बटणं रंगांप्रमाणे लावून दिली आणि तिला मावशी म्हणायला लागली. सगळं कसं बेताने जुळत आलं होतं.

फक्त त्या घराचा वास.

दार उघडून ती पहिल्यांदा आत आली तेव्हाच तो तिच्या अंगावर आला. वाईट मुळीच नव्हता. त्यात खळीचा आंबूसपणा होता, तो नवऱ्याचा, हे तिने लगेच ओळखलं. खोडरबराचा भुगा होता, तो मुलीचा. पण त्या दोन्हींच्या मागे आणखी एक काहीतरी होतं, उबदार, किंचित गोडसर, झोपून उठलेल्या माणसाच्या मानेला येतो तसं. कुणीतरी आत्ताच खुर्चीवरून उठून आतल्या खोलीत गेलं असावं, असं वाटायचं. ती आत जाऊन पाहायची. आत पलंग, कपाट आणि बंद खिडकी.

नवऱ्याला विचारलं तर त्याने हवेत हुंगून पाहिलं आणि कसलाच वास येत नाही म्हणून सांगितलं. मुलीनेही नाही म्हणून मान हलवली. त्यांना येणार नाही हे तिला ठाऊक होतंच. तो वास येणारं त्या घरात एकच माणूस होतं, कारण बाहेरचं तेवढंच होतं.

मग ती हात धुवून त्या वासाच्या मागे लागली. पहिल्या बायकोचे कपडे तर आधीच तिच्या माहेरी गेले होते. हिने पडदे उतरवले, गाद्या पिंजून घेतल्या, कपाटाचे खण सोड्याने पुसून उन्हात टाकले. दुपारी घरी शिवायला बसली की मान वळवून दाराकडे बघायची. शेवटी तिने घराला रंग द्यायचं ठरवलं. नवऱ्याने कारण विचारलं नाही. सुट्टी घेऊन स्वतःच भिंती घासल्या, दोन हात रंग दिला आणि सगळ्या घराला चुन्यासारखा कोरा वास यायला लागला. तिला कित्येक दिवसांनी स्वस्थ वाटलं.

पहिलीची आई महिन्या-दीड महिन्याने नातीला भेटायला यायची. वाळकी, ताठ चालीची म्हातारी. आल्यावर ती लगेच आत येत नसे. उंबऱ्यापाशी चपला काढत बराच वेळ वाकून राहायची. म्हातारपणी पाय धरत असतील, असं टेलरबाईला वाटायचं. रंग दिल्यानंतर म्हातारी आली, तशीच वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता.

"गेली," ती म्हणाली.

 म्हातारीने नातीच्या हातात खाऊ ठेवला, पाणीही न घेता निघून गेली आणि त्यानंतर यायचीच थांबली. नात वाट बघायची. नवरा एकदा जाऊन आला. बरं नाही म्हणते, एवढंच त्याने सांगितलं.

थंडी सुरू झाली, खिडक्या बंद राहायला लागल्या. एका दुपारी टेलरबाई दुकानातून घरी आली, दार लोटलं आणि जागीच थांबली. रंगाचा वास पातळ झाला होता आणि त्याच्या आतून तो वास वर आला होता. तसाच.  ती पुन्हा सगळं घर पालथं घालणार होती, पण म्हातारी उंबऱ्याशी का वाकून राहायची ते तिला एकदम कळलं आणि हातात घेतलेलं फडकं तिने खाली ठेवलं. दार ओढून घेतलं आणि तडक म्हातारीकडे गेली.

म्हातारीच्या घराला औषधी मलमाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. म्हातारीने तिला बसायला सांगितलं नाही.

"आजी, परत आलाय," टेलरबाई म्हणाली. "चला."

 म्हातारीने उठून चपला घातल्या. वाटेत तिने सांगितलं की लेकीचे सगळे कपडे तिने ट्रंकेत ठेवले होते, पहिलं वर्षभर ती ते उघडून हुंगायची. नंतर त्यांना नुसता ट्रंकेचा वास यायला लागला. लेक उरली ती फक्त त्या घरात.

घरी मुलगी शाळेतून आली होती. म्हातारीने उंबऱ्याशी डोळे मिटले, मग नातीला जवळ ओढून तिच्या केसांत नाक खुपसलं आणि तशीच उभी राहिली. टेलरबाई बघत होती. तो वास कपाटात नव्हता, भिंतीतही नव्हता. तो त्या पोरीच्या अंगाचा होता, आईकडून आलेला. इतके दिवस आपण सोड्याने आणि रंगाने काय पुसायला निघालो होतो, हे तिला उमगलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा उगीच आवाज करत राहिली.

म्हातारीचं येणं सुरू झालं. टेलरबाईला हळूहळू तो वास येईनासा झाला. कधी बंद झाला हे तिला सांगता आलं नसतं. आपणही या घरच्या झालो, असं समजून ती मनात थोडी सुखावलीही.

वर्षं गेली. मुलगी शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली. तिचे कपडे गेले, पुस्तकं गेली. म्हातारी तरीही यायची. आता काठी टेकत यायची. आता हिला काय मिळणार, म्हणून टेलरबाईचाच जीव तुटायचा. पण म्हातारी उंबऱ्याशी थांबायची आणि समाधानाने आत येऊन बसायची. शेवटी न राहवून टेलरबाईने विचारलं की मुलगी तर इथे नाही, मग आता कसला वास येतो तुम्हाला.

म्हातारीने तिचा हात धरून नाकाशी नेला. मनगट हुंगलं.

"हाच की," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला येतो आता."

टेलरबाईने हात सोडवून घेतला. दिवसभर ती स्वतःचं मनगट, बाही, गळा हुंगत राहिली. तिला काहीच आलं नाही. मशीनच्या तेलाचा आणि खडूचा जो वास जन्मभर आपला म्हणून सांगता आला असता, तोही नाही. म्हातारीचं वय झालंय, नाकाचा काय भरवसा, अशी तिने मनाची समजूत घातली. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या आठवड्यात ती बहिणीकडे राहायला गेली. घर सोडून राहिल्याशिवाय घराचा वास येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बहिणीने दारातच मिठी मारली आणि अर्ध्यात सोडली. काय झालं म्हणून हिने विचारलं.

"काही नाही गं," बहीण म्हणाली. "क्षणभर वाटलं दुसरंच कुणी आलंय."

मग ती हसली आणि चहा ठेवायला गेली.  टेलरबाई तिथे ठरल्यापेक्षा जास्त राहिली. बहिणीचे साबण वापरले, बहिणीचे कपडे घातले.

परतली तेव्हा उतरती दुपार होती. जिना चढून तिने दार थोडंसंच लोटलं. आतून वास आला. खळीचा, मग तो दुसरा, उबदार आणि गोडसर, पहिल्या दिवशी आला होता तसाच. त्यात खडू आणि तेल कुठेतरी असेल म्हणून ती शोधत राहिली. असेलही. पण कुठे तो वास संपतो आणि कुठे आपला सुरू होतो हे तिला वेगळं काढता येईना. कितीही गुंतलेला दोरा असला तरी तिला त्याचं टोक सापडायचं, आज सापडेना.

आतल्या खोलीतून पुठ्ठा ठेवल्याचा आवाज झाला.

"आलीस का?" नवऱ्याने विचारलं.

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. तो तिलाच विचारत होता, दुसरं कोण असणार? तरी तिच्याने पटकन ओ देववेना. ती उंबऱ्यावर पिशवी धरून उभी राहिली. चार-सहा श्वासांत तो वास विरत गेला आणि मग कसलाच वास येईना.

"आले," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावलं.