घरामागच्या सात्या

निजामाच्या राज्यात आम्ही कळमनुरीला राहायचो. श्रावणात घरामागच्या हिरवळीत सात्या उगवायच्या, म्हणजे खायच्या भूछत्र्या. त्यांच्यातच विषारीही असायच्या. सात्या वेचायला एक म्हातारी यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

ती ओणवी होऊन छत्री उपटायची, देठ मोडून हुंगायची आणि मनाला न पटलेली कुंपणापलीकडे भिरकावायची. एकदा मी एका छत्रीकडे बोट केलं, तर तिनं माझं बोट हळूच दुमडलं.

"बोट काहून दाखून राहिल्या, बाई? सडून जातात त्या. मुडपून दाखवा."

"ओळखण्यात कधी चूक नाही होत?"

"व्हईल की. माणूसच हाय." ती ओटीत सात्या भरत राहिली. "म्हणून तर सात्या रांधल्या की घरात पहिलं मी जेवते. मला काही झालं न्हाई, की मग गडीमाणसं, लेकरं."

जाताना तिनं मूठभर सात्या माझ्या पदरात टाकल्या. त्या संध्याकाळी, हे कचेरीतून यायच्या आत, मी एकटीचंच पान मांडलं. पहिला घास भीत भीत घेतला. मग सावकाश, पोटभर जेवले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या ताटातलं कालवण गरम होतं.