सुनेला आणायला

मनिषा चौदा वर्षांनी सुटणार असल्याचा निरोप केजजवळच्या एका गावात आला, तेव्हा तिला आणायला निघाली ती एकटी तिची सासू. आणि ज्याच्या खुनापायी मनिषा आत गेली होती, तो अंगद याच सासूचा एकुलता एक पोरगा.

चंद्रभागाबाईंनी जन्मभर ऊस तोडला. अंगदला उसाच्या फडातच वाढवलं. दारूनं तो हाताबाहेर गेला. बायकोला मारायचा, मधी पडली तर आईलाही. शेवटच्या दिवशी त्यानं मनिषाला केसाला धरून चुलीकडं ओढलं आणि तिच्या हाती कोयता आला. चंद्रभागाबाईंनी कोर्टात सगळं सांगितलं, सुनेनं केलेला वारही आणि तिनं खाल्लेला मारही. मग तिसरीतल्या नातीला, स्वप्नालीला, घेऊन त्या घरी आल्या.

तुरुंगाच्या दारात मनिषा पिशवी छातीशी धरून उभी होती.

"आत्याबाय, तुमी कावून आलात?"

"दुसरं कोन हाय यायला? चल."

एसटीत चंद्रभागाबाईंनी तिला खिडकीशी बसवलं.

भादव्यात अंगदच्या तिथीला मनिषा पीठ मळायला बसली, तशी चंद्रभागाबाईंनी परात ओढून घेतली. "आज न्हाई, बाई. आज चुलीजवळ येऊ नगस." मनिषा दिवसभर अंगणात बसून राहिली. सांजच्याला सासूनंच ताट नेऊन दिलं. ते तसंच राहिलं.

गावात कुणी तिला कामावर बोलवेना. चंद्रभागाबाई ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या रामहरी मुकादमाच्या दारात जाऊन बसल्या.

"मावशी, ऊसतोडीला जोडी लागती," तो म्हणाला. "तिच्यासंग कोन राहील?"

"मी राहते," साठी उलटलेल्या चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्या हंगामात कड्याच्या कारखान्याकडं सून ऊस तोडायची, सासू मोळ्या बांधायची. मोळी उचलायला मात्र मनिषा सासूला हात लावू द्यायची नाही.

स्वप्नाली बीडला वसतिगृहात शिकत होती. आई सुटल्यापासून तिनं तिला एकदाही हाक मारली नव्हती. उन्हाळ्यात चौसाळ्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. ती घरी आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आजी, तू ये. तिला आणू नकोस. ती लोकं माघारी फिरतील."

मनिषा आतच भाकरी थापत होती. "पोरीचं बरोबर हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

कन्यादान अंगदच्या चुलतभावानं आणि त्याच्या बायकोनं केलं. चंद्रभागाबाईंनी अक्षता टाकल्या आणि न जेवताच जीप धरली. मनिषा दारातच उभी होती.

"कशी दिसत हुती?"

"लई गोड."

"रडली का?"

"रडली."

"माझं नाव काढलं का तिनं?"

खोटं बोलावं, असं चंद्रभागाबाईंच्या मनात आलं. जीभ रेटेना. "न्हाई," त्या म्हणाल्या.

मनिषा उंबऱ्यातच बसली. चंद्रभागाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याही रडू लागल्या. नातीसाठी, की सुनेसाठी, की अंगदसाठी, त्यांचं त्यांनाच कळेना.

दिवाळीनंतर टोळी निघाली. दोघी ट्रकात चढल्या. लग्नानंतर स्वप्नाली अजून माहेरी आलेली नाही.