पिनेवरचा लाल दोरा

लोकांना वाटतं, मी धीट आहे. भंडाऱ्यात मी ज्या शाळेत शिकवते तिथे पाहुण्यांना माझी ओळखच ‘विमानातून उडी मारणाऱ्या मॅडम’ अशी करून देतात, आणि मग पाहुणा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. खरं सांगायचं तर माझ्याइतकी भित्री बाई आमच्या घराण्यात झाली नसेल. मला पालीची भीती वाटते, वैनगंगेच्या पुलावरून खाली पाहायची वाटते, गॅस बंद केला की नाही याची तर रोज वाटते. उडीचीही वाटते, दर वेळी वाटते. कॉलेजात असताना एका शिबिरात पहिली उडी मारली, तेव्हा विमानाच्या दाराची कड मी जी गच्च धरली, ती अजून तशीच धरते.

मग मारतेसच कशाला, असं लोक विचारतात. मलाच ते नीट ठाऊक नाही. पण सामान सांभाळायला मला शिकवलं ते या भीतीनंच. धीट माणसं सामान गाडीच्या डिकीत उन्हात तापवत ठेवतात. मी ताकही फुंकून पिणारी. माझी पाठीवरची पिशवी, तिचे पट्टे, बकलं, शिवण अन् शिवण मी बोटांनी चाचपते. नायलॉनला ऊन चालत नाही, ओल चालत नाही, उंदीर तर नाहीच नाही.

छत्र निवडतानाही मी भीतीलाच विचारलं. नागपूरची माझी एक सोबतीण आहे, आम्ही दोघी मिळूनच शिबिरांना जातो. तिचं छत्र लहान आणि चपळ, जरा हात हलवला की वळतं. माझं भलंमोठं आणि संथ. ती मला चिडवते, “तू तं मांडवच घेऊन उतरते. खाली पंगत बसवून घे.” मी बसवीन म्हणते. मांडव असला तर असू दे, मला मेल्यावर कौतुक नको आहे.

पाठीवरच्या पिशवीत छत्रं दोन असतात. पहिलं नेहमीचं, त्याची घडी मी स्वतः घालते. दुसरं राखीव. पहिलं दगा देईल तेव्हा उजव्या हातानं ते तोडून टाकायचं आणि डाव्या हातानं छातीवरचं हँडल ओढायचं, की पाठीवरची एक पिन सुटते आणि राखीव छत्र बाहेर येतं. त्याची घडी घालायची मला परवानगी नाही. परवाना असलेला माणूस ठरावीक महिन्यांनी ते उघडतो, तपासतो, पुन्हा बांधतो, आणि शेवटी पिनेभोवती बारीक लाल दोरा गुंडाळून त्यावर शिशाचा मणी दाबतो. तो दोरा शाबूत, म्हणजे मधल्या काळात कोणी हात लावलेला नाही.

हे सगळं मी भंडाऱ्याच्या माझ्या खोलीत ठेवत नाही, तिथे पावसाळ्यात भिंती पाझरतात. ते असतं पवनीला, बाबांच्या घरी. बाबा विणकर आहेत, कोशाचं रेशमी कापड विणतात. मागाची खोली लांबट, कोरडी, सावलीची, आणि रेशमासाठी उंदरांचा बंदोबस्त आधीच केलेला. छत्र पसरून घडी घालायला याहून चांगली जागा मला जिल्ह्यात मिळाली नसती. आई गेल्यापासून घरात बाबा एकटेच. मी घडी घालत असले की ते माग थांबवून बघत बसतात. एकदा कापड दोन बोटांत चोळून म्हणाले, “बारीक हाये. पन पोत चांगला हाये.” त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळालेली नाही.

भीतीबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त उडीच्या दिवशी, माझा फोन आल्याशिवाय जेवायला बसत नसत. हेही मला शेजारच्या काकूंनी सांगितलं.

त्या वर्षी दसरा झाला, दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि शिबिराचा निरोप आला. बपेऱ्याच्या पुढे हद्द ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की एक जुनी धावपट्टी आहे. हिवाळ्यात काही हौशी मंडळी तिथे भाड्याचं विमान आणतात. मी पवनीहून पिशवी उचलली आणि शुक्रवारी दुपारी तिथे पोहोचले.

उडीआधी दोन तपासण्या असतात. एक आपली आपण करायची. दुसरी सोबत्यानं करायची, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. मी पिनेवरची झडप उघडून पाहिली. पिन जागेवर, लाल दोरा जागेवर, शिशाचा मणी जागेवर. नंतर सोबतिणीनं पाहिलं. तिलाही तेच दिसलं. तिनं पाठीवर थाप मारली आणि आम्ही विमानात चढलो.

उडी वाईट झाली. छत्र उघडलं, पण वर पाहिलं तर दोऱ्यांना माझ्या मानेपर्यंत पीळ पडलेला. डोकं वर करता येईना. छत्र माझ्या हाताबाहेर होतं आणि खाली जमीन होती, एवढंच मला कळत होतं. अशा वेळी पाय मारायचे, पट्टे ताणायचे, अंगाला उलटा झोका देऊन पीळ सोडवायचा. मी पाय मारत होते आणि तोंडानं आईचं नाव घेत होते. सुटत नाही असं वाटलं तेव्हा माझा डावा हात छातीवरच्या हँडलवर गेला. बोटं त्यात अडकवली. आणि तेवढ्यात पीळ मोकळा होऊ लागला. माझं संथ, मांडवासारखं छत्र त्या सगळ्या गोंधळात सरळ उभं राहिलं होतं, म्हणून मला वेळ मिळाला. चपळ छत्र असतं तर गरगरत खाली गेलं असतं आणि ते तोडावंच लागलं असतं.

खाली उतरल्यावर मी हसत होते. सोबतिणीला म्हणाले, “राखीव ओढणारच होते बघ.” बाबांना फोन केला, “झाली उडी, छान झाली, जेवून घ्या.” रात्री गाढ झोपलेही. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

सकाळी पुन्हा पिशवी तपासायला घेतली. कोवळं ऊन होतं, पिशवी मांडीवर होती. झडप उघडली, पिन पाहिली, लाल दोरा पाहिला आणि झडप बंद करणार तोच त्या दोऱ्यावर ऊन पडलं. दोरा चमकला.

पिनेवरचा दोरा सुती असतो, निस्तेज, बिनचमकीचा. सूत असं चमकत नाही. विणकराच्या घरात वाढलेल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. मी बोट लावलं. सुताच्या दोऱ्यावरून तशाच लाल रंगाचा रेशमाचा दोरा गुंडाळला होता, दुपदरी, पीळदार. पिनेला वेढे घालून तो बाजूच्या धातूच्या कड्यांतून ओवला होता आणि शेवटी गाठ मारली होती. ती गाठ मी जन्मापासून पाहत आले आहे. ताण्यातला तुटलेला धागा जोडताना मारतात ती गाठ. बारीक, चपटी, आणि ओढावी तितकी घट्ट होत जाणारी.

काल आभाळात ज्या हँडलमध्ये माझी बोटं होती, त्याच्या दुसऱ्या टोकाला ही गाठ होती. पहिलं छत्र मी तोडून टाकलं असतं, मग हँडल ओढलं असतं, आणि काहीही झालं नसतं. मी पुन्हा ओढलं असतं. मी पिशवी उचलून शिबिरप्रमुखांकडे गेले.

शिबिरप्रमुखांनी पाहिलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. आत एक लहान यंत्र असतं, ते म्हणाले, माणूस जमिनीजवळ वेगात असेल तर पिन ज्यात अडकवलेली असते तो दोरीचा फास ते आपोआप कापतं. “कदाचित तेवढ्यानं उघडलं असतं.” मग त्यांनी कड्यांतून ओवलेला दोरा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “पण हा तर कड्यांतूनही ओवलाय.” ते दोरा कापायला निघाले. मी कापू दिला नाही. मी म्हणाले, ज्यांनी बांधलाय त्यांना दाखवायचाय.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. तुमसर गेलं, भंडारा गेलं, दोन्ही बाजूंना कापलेला धान पडला होता. मला रडूही येत होतं आणि बाबांवर असा संताप होता की मी दातओठ खात होते. बजावून ठेवलं होतं मी त्यांना. पिशवीला हात लावू नका, तेल नको, हळद नको, कुंकू नको, कुंकवात लिंबाचं आंबट असतं, कापड आतून कुजतं. दहादा सांगितलं होतं.

बाबा मागावरच होते. मला पाहून आडवा धागा फेकणारा त्यांचा धोटा थांबला.

“काहून आली? इतवारपर्यंत होतं ना तुहं?”

मी पिशवी त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि झडप उघडली. “बाबा, हा दोरा कोनं बांधला?”

“मीनं,” ते म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. “खांडेनवमीले. धोट्याची, फनीची पूजा केली, तं म्हटलं तुह्या छत्रीचीबी करून टाकू. तूनं सांगतलं होतं, कुंकू लावू नोका. नाही लावलं. कागदावर ठेवलं, दुरून. फूलबी टेकवलं नाही.” मग ते जवळ सरकले आणि पिनेकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाले, “पन हे पाह्यलं का तू? त्या मानसानं दोरा अगदी कच्चा बांधला होता, बाई. सुताचा. झटका बसला का तुटन असा. गाठबी धड नवती. इतक्या वरतं जाते तू, अन् कच्च्या दोऱ्यावर? मले झोप नाही आली ते पाहून. मंग मीनं वरतून रेशमाचा घातला. आता नाही तुटत.”

तो दोरा कच्चा असायलाच हवा असतो. एका झटक्यात तुटावा म्हणूनच तो कच्चा निवडतात. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि ज्या माणसानं आयुष्यभर तुटणारा धागा हा शत्रू मानला त्याला ते आपोआप कळणार तरी कसं? मी हँडल त्यांच्या हातात दिलं.

“ओढा.”

त्यांनी ओढलं. पिन हलली नाही. त्यांनी आणखी जोरानं ओढलं. नाही. मग माझ्याकडे पाहून ते हसले. “पाह्य. सुटते का?”

ते हसू मला बघवेना. मी त्यांच्यासमोर बसले. “बाबा, समजा मी वरून खाली पडून राहिली. पहिली छत्री खराब झाली, ते मीनं तोडून फेकली. आता हेच एक हाये. हे ओढलं तरच दुसरी छत्री उघडते.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे आधी बदलले. त्यांनी पुन्हा ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग पिशवीवर पाय रोवून, मागे रेलून, दात आवळून. मागाचा दांडा आयुष्यभर ओढलेले हात आहेत ते, पण रेशमानं आणि गाठीनं दाद दिली नाही. जितकं ओढत होते तितकी गाठ आवळत होती.

“बस करा, बाबा.”

त्यांनी ऐकलं नाही. हँडल त्यांच्या तळव्यात रुतलं होतं. तोंडातून आवाज येत होता, शब्द नाही. मी त्यांचा खांदा धरला तर त्यांनी तो झटकला आणि पुन्हा ओढलं. शेवटी मीच मागाजवळची कात्री आणून दोऱ्याखाली घातली. रेशीम तुटलं, पिन सुटली, आणि राखीव छत्राला बाहेर खेचणारं स्प्रिंगचं लहान छत्र सणकन उसळून आढ्यावर आपटलं. बाबा मागच्या मागे बसले. वरून पांढरं कापड त्यांच्या पायांवर येऊन पडलं.

मी कात्री परत मागाजवळ ठेवली. बाहेर कोणाची तरी सायकल गेली.

मग त्यांनी विचारलं. माझ्याकडे न पाहता, त्या पांढऱ्या कापडाकडे पाहत विचारलं. “हा दोरा असताना तू वरतं गेलती का?”

काल संध्याकाळी मीच त्यांना फोन केला होता. उडी छान झाली म्हणून सांगितलं होतं. त्यांना ते आठवत होतं, आणि मला उत्तर द्यायचं होतं.

“काल दुसऱ्याच पिशवीनं मारली,” मी म्हणाले. “शिबिरातल्या. हे आपली मीनं आज सकाळीच उघडली.”

“आजच?”

“आजच.”

त्यांनी मान हलवली. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे एक एक करून वेचले, मुठीत घेतले आणि ते टाकायला म्हणून आत गेले. गेले ते परत येईनात. मी दाराशी जाऊन डोकावले. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. उजवा हात थरथरत होता, आणि तो थांबवायला त्यांनी डाव्या हातानं मनगट गच्च धरलं होतं. डावाही थरथरतच होता.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले, पार अंगणात गेले, आणि तिथून मोठ्यानं विचारलं, “बाबा, चहा मांडू का?”